भरलेले घर रिकामे करताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पुण्यात कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत, पेठांतले वाडे उतरवले जात आहेत आणि मुले परगावी किंवा परदेशी असलेली अनेक ज्येष्ठ जोडपी मोठे घर सोडून लहान सदनिकेत राहायला जात आहेत. अशा प्रत्येक घरात तीस-चाळीस वर्षांचे सामान साठलेले असते. ते हलवण्याची वेळ आली की बहुतेक कुटुंबे ठरावीक पद्धतीने चुकतात. पहिल्याच रविवारी रद्दीवाल्याला बोलावले जाते, मधले कित्येक आठवडे जुने फोटो आणि पत्रे पाहण्यात जातात आणि शेवटच्या आठवड्यात जे उरेल ते न पाहताच खोक्यांत भरून नव्या घरी रवाना होते. त्यामुळे कामाचे कागद रद्दीत जातात, चांगली भांडी मोडीच्या भावाने जातात आणि नवे घर राहायला जाण्याआधीच अडगळीने भरते.

हे सगळे क्रम चुकल्यामुळे होते. काय टाकायचे हा प्रश्न आधी घेतला की प्रत्येक वस्तू राखून ठेवण्याचे काहीतरी कारण सापडतेच. म्हणून सुरुवात नव्या घरात काय मावते येथून करावी, त्यानंतर कागदपत्रे व मौल्यवान वस्तू बाजूला काढाव्यात, मग बरोबर न्यायचे सामान ठरवावे आणि उरलेल्याची वाट कुटुंब, विक्री, देणगी, भंगार या क्रमाने लावावी. रद्दीवाला आणि भंगारवाला यांचे काम सर्वांत शेवटी येते.

१. कशालाही हात लावण्यापूर्वी: मापे आणि तारखा

नव्या घराची मापे स्वतः जाऊन घ्यावीत. बिल्डरच्या नकाशावर विसंबू नये, कारण नकाशात खांबाचा कोपरा, दार उघडल्यावर अडणारी जागा आणि खिडकीखालच्या भिंतीची उंची सहसा नीट कळत नाही. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दारांची रुंदी, जिन्याचे वळण, लिफ्टच्या आतील लांबी-रुंदी-उंची आणि माळे असल्यास त्यांची खोली अशी मापे एका वहीत लिहून घ्यावीत. नंतर जुन्या घरातील मोठे सामान मोजावे. जुने लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असते. ते उभे मावेल, पण लिफ्टमध्ये शिरेल का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. पलंग, दिवाण आणि जेवणाचे टेबल जुन्या घराच्या फरशीवर नव्या खोलीच्या मापाने खडूने आखलेल्या चौकोनात मांडून पाहावे. कागदावर जे पटत नाही ते अशा चौकोनात उभे राहिल्यावर घरातल्या सर्वांना पटते आणि पुढचे पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

पुनर्विकासात जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. हे स्थलांतर दोनदा होणार असते, एकदा भाड्याच्या घरात आणि पुन्हा नव्या इमारतीत. भाड्याच्या घरात ‘तात्पुरते’ म्हणून रचलेले खोके इमारत पूर्ण होईपर्यंत तसेच राहते आणि त्याचे भाडे चौरस फुटाच्या हिशेबाने आपणच भरत असतो. त्यामुळे दोन्ही घरांत जागा असेल तीच वस्तू बरोबर न्यावी.

तारखा शेवटाकडून मागे मोजाव्यात. चार खोल्यांच्या भरलेल्या घराला तीन महिने लागतात असे धरून चालावे. घरात एकच व्यक्ती काम करणार असेल किंवा वय झालेले असेल तर पाच महिने घ्यावेत. जून ते सप्टेंबर हा काळ शक्यतो टाळावा, कारण पावसात गाद्या, पुस्तके आणि लाकूड गच्चीत किंवा पार्किंगमध्ये काढून ठेवता येत नाही. पेठांत राहणाऱ्यांनी गणेशोत्सवाचे दहा दिवस टेम्पो ठरवूच नये. पितृपक्षात नव्या घरी जाणे अनेकांना नको असते, मात्र जुन्या घरातली आवराआवर करायला तो पंधरवडा उत्तम असतो. परदेशातील मुले डिसेंबरात येणार असतील तर वाटपाचा टप्पा त्यांच्या सुट्टीत येईल अशा बेताने मागची कामे उरकावीत.

*सूचना:* या टप्प्यावर नवे फर्निचर घेऊ नये आणि भाड्याने गोदामही घेऊ नये. गोदामात ठेवलेल्या सामानाचा निर्णय झालेला नसतो, तो केवळ पुढे ढकललेला असतो.

२. कागदपत्रे, रोकड आणि दागिने

रद्दीची पहिली दोरी सुटण्यापूर्वी हा टप्पा पूर्ण झाला पाहिजे. मार्गदर्शनाचा हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सर्वांत मोठे नुकसान येथेच होते.

शोध कसा घ्यावा? प्रत्येक कपाटाचे खण बाहेर काढून त्यांच्या मागची पोकळी पाहावी. फळ्यांवर अंथरलेली वर्तमानपत्रे उचलावीत. लोखंडी कपाटाचा चोरकप्पा उघडावा. किल्ली हरवली असेल तर किल्लीवाल्याला घरी बोलावून आपल्या समोर उघडून घ्यावा आणि तोपर्यंत कपाट विकू नये. साड्यांच्या घड्या एकेक करून मोडाव्यात. डाळी-तांदळाचे जुने डबे, देवघराखालचा खण, पोथ्यांचे रुमाल आणि शिवणयंत्राचा खण उघडून पाहावेत, तसेच हिशेबाच्या वह्या आणि जाड पुस्तके यांची पाने झटकून पाहावीत. मागच्या पिढीतील स्त्रियांना स्वतःचे पैसे ठेवायला घरात स्वतंत्र जागा क्वचितच असे. त्यांनी साठवलेले पैसे बहुधा अशाच ठिकाणी मिळतात आणि ते शोधणे हा त्यांच्या कष्टांचा मान आहे असे मला वाटते.

मिळालेल्या कागदांचे गठ्ठे असे लावावेत: घर व जमिनीचे कागद (खरेदीखत, सूची क्रमांक दोन म्हणजे ‘इंडेक्स टू’, सोसायटीचे भागपत्र, सात-बारा उतारे, मिळकतकराच्या पावत्या), बँक व टपाल खात्याची पुस्तके आणि ठेवपावत्या, विमा पत्रे, कागदी शेअर, मृत्युपत्र व वारसाचे दाखले, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, शिक्षण व निवृत्तिवेतनाचे कागद, आणि वैद्यकीय अहवाल.

यांपैकी तीन प्रकारचे कागद लोक ‘जुने झाले’ म्हणून फेकतात.

कागदी शेअर: १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातील शेअर दुसऱ्याच्या नावावर विक्रीने हस्तांतरित होत नाहीत, पण ते निरुपयोगी झालेले नाहीत. ते डीमॅट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात) करून घेता येतात आणि मूळ धारक हयात नसेल तर वारसांच्या नावावर चढवता येतात. सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथूनही दावा करून परत मिळवता येतात. कंपनीचे नाव बदललेले किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असू शकते, म्हणून ओळखीचे नाव नाही एवढ्यावरून कागद फाडू नये.

जुनी पासबुके: दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवते, तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो.

मोडी कागद: घडी घातलेले, पिवळे पडलेले आणि घरात कोणालाही वाचता न येणारे मोडी लिपीतील कागद जमिनीचे, वतनाचे किंवा कर्जाचे असू शकतात. ते लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टीने जोडू नयेत आणि उन्हात वाळवू नयेत. साध्या कागदी पाकिटात सपाट ठेवून मोडी जाणकाराला दाखवावेत.

जुन्या नोटांबाबतही सावध असावे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजारच्या नोटांना आता मोल नाही, आणि २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणे दंडनीय आहे. त्यामुळे ‘आठवण म्हणून’ पुडके जपून ठेवू नये. दोन हजारच्या नोटांची गोष्ट वेगळी आहे. त्या चलनातून मागे घेतल्या असल्या तरी रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत जमा करता येतात.

दागिने सराफाकडे नेण्यापूर्वी घरी दोघांच्या समक्ष वजन करून, फोटो काढून यादी करावी. देवघरातील चांदीचे टाकही याच यादीत घ्यावेत. कुलदैवताचे टाक कोणाकडे जायचे हा प्रश्न कुटुंबाने लवकर सोडवलेला बरा.

*तपासणी:* पुढे जाण्यापूर्वी एका फाइलमध्ये सर्व मूळ कागद, त्यांची यादी आणि मोबाइलवर काढलेल्या प्रती तयार आहेत का ते पाहावे. ही फाइल स्थलांतराच्या दिवशी टेम्पोत न ठेवता स्वतःच्या हातातील पिशवीत ठेवावी.

३. बरोबर काय येणार, ते ठरवणे

खोल्यांचा क्रमही ठरलेला असावा. माळा, गच्चीवरील खोली आणि पोटमाळा आधी घ्यावा, मग स्वयंपाकघर, नंतर कपडे, नंतर पुस्तके, आणि फोटो, पत्रे व हस्तलिखिते अगदी शेवटी. भावनेने जड असलेले सामान आधी उघडले की त्या दिवशीचे काम तेथेच थांबते. माळ्यावरच्या रिकाम्या खोक्यांपासून सुरुवात केली तर निर्णय घेण्याची सवय होते आणि हात चालू लागतो.

प्रत्येक वस्तूसाठी चारच उत्तरे ठेवावीत: बरोबर, कुटुंबात, बाहेर चांगल्या अवस्थेत (विक्री किंवा देणगी), भंगार. ‘नंतर बघू’ असा पाचवा ढीग करायचा असेल तर तो एका ट्रंकेपुरताच ठेवावा आणि ट्रंक भरली की थांबावे.

स्वयंपाकघराला सर्वांत जास्त वेळ लागतो. तेथे एक पद्धत उपयोगी पडते: आठवडाभर रोज लागणारी भांडी वेगळ्या फळीवर ठेवत जावी आणि सणावाराला लागणारी त्यांत मिळवावी. वीस माणसांच्या पंगतीचे सतेले, पाण्याचा तांब्याचा बंब, घंगाळ, मोठी परात, पाटा-वरवंटा, जाते ही भांडी लहान सदनिकेत वापरली जात नाहीत. बंब तर गॅलरीत शोभेसाठी म्हणून नेला जातो आणि पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो. जे न्यायचे ते वापरण्यासाठी न्यावे.

भांडी बाजूला काढताना त्यांच्या काठावर कोरलेली नावे वाचावीत. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणाला आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख ठोक्याठोक्याने घातलेली असते. एखाद्या पितळी डब्यावर आजीचे माहेरचे आडनाव आणि लग्नाचे साल मिळते, जे घरातल्या कोणत्याही कागदावर नसते. अशा प्रत्येक भांड्याचा काठ जवळून, तिरप्या उजेडात धरून फोटो काढावा आणि मगच ते कोणत्या ढिगात जायचे ते ठरवावे. नावाचा फोटो राहिला की भांडे देणे सोपे जाते.

कपड्यांत जरीच्या जुन्या साड्यांची घाई करू नये. जुन्या जरीत खरी चांदी असू शकते, आणि दारावर येऊन ‘जुनी जरी घेतो’ म्हणणारे साडीचे वजन करून कापडाचा भाव सांगतात. आधी विश्वासातील दुकानात जर तपासून घ्यावी. नेसण्याजोग्या नसलेल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घेता येतात. त्या शिवणाऱ्या स्त्रिया पुण्यात अजूनही आहेत आणि त्यांना हे काम हवे असते. कापसाच्या गाद्याही फेकण्याची गरज नसते. गादीवाल्याकडून कापूस पिंजून घेऊन नव्या पलंगाच्या मापाची गादी, लोड किंवा उशा करून मिळतात.

फोटोंचे अल्बम उघडताना काळ्या पानांना चिकटलेले फोटो खरवडून काढू नयेत. पानासकटच स्कॅन करावेत. लहान आकाराचे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले तर पुढे मोठे करता येतात. प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावे घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीसोबत बसून लिहून घ्यावीत, कारण ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आधी डिजिटल करून घ्याव्यात, प्रत उघडून पाहावी आणि मगच कॅसेट ई-कचऱ्यात द्याव्यात.

*सूचना:* घरातील ज्येष्ठ व्यक्ती गावाला गेली असताना तिच्या वस्तू काढू नयेत. हा सोयीचा मार्ग वाटतो, पण त्यानंतर ती व्यक्ती प्रत्येक न सापडणाऱ्या वस्तूबद्दल आपल्यावरच संशय घेते आणि तो संशय रास्त असतो. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीचा पलंग, उशालगतचे टेबल, देवाची तसबीर आणि रोजचा पेला नव्या घरात पूर्वीच्याच मांडणीत ठेवावा.

४. कुटुंबातील वाटप

भावंडांत सर्वाधिक कटुता याच टप्प्यावर येते, आणि तीही सोन्यापेक्षा आईच्या खलबत्त्यावरून येते. म्हणून दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात. मोल असलेल्या वस्तूंची वाटणी कायद्याने आणि मृत्युपत्राने ठरेल. त्यात येथील पद्धत लावू नये. उरलेल्या घरगुती वस्तूंसाठी पाळी लावावी: चिठ्ठी टाकून पहिला क्रम ठरवावा, प्रत्येकाने एकेक वस्तू निवडावी, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करावा. परदेशातील भावंडांना व्हिडिओ कॉलवर त्याच वेळी बसवावे. ‘तुला काय हवे ते नंतर कळव’ असे सांगितले की ते नंतर कधीच होत नाही, आणि वस्तू गेल्यावर मात्र आठवते.

निवडलेली वस्तू उचलून नेण्याची तारीखही तेव्हाच लिहावी. तारीख उलटली तर वस्तू पुढच्या ढिगात जाईल, हे सर्वांसमोर आधीच सांगावे.

परदेशी नेण्याच्या वस्तूंबाबत कायदा कडक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते देशाबाहेर नेता येत नाहीत. खापरपणजोबांची पितळी मूर्ती मुलीच्या बॅगेत घालून पाठवली तर विमानतळावर ती अडकेल आणि मुलगीही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून आधी खात्री करून घ्यावी.

५. विक्री

विक्रीस काढलेल्या वस्तू धुऊन-पुसून, उजेडात फोटो काढून, मापे लिहून मगच दाखवाव्यात. सागवानी किंवा शिसवी फर्निचरचा भाव सांगण्यापूर्वी किमान तीन जणांना दाखवावे. पहिला घेणारा बहुधा ‘सगळे एकदम उचलतो’ असा ठोक भाव सांगतो. त्यात दोन चांगल्या वस्तूंच्या किमतीत सारे घर जाते. ठोक व्यवहार करायचाच असेल तर चांगल्या वस्तू आधी वेगळ्या विकून उरलेल्याचा करावा.

जुनी घड्याळे, रेडिओ, पितळी दिवे, कुलपे, चिनी मातीच्या बरण्या विकण्यापूर्वी मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात एक चक्कर मारावी. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तशाच वस्तू तेथे कोणत्या भावाने मागितल्या जातात ते पाहिले की दारावर आलेल्या माणसाचा भाव कितपत योग्य आहे ते समजते. त्याला त्याचा नफा, वाहतूक आणि डागडुजी यांचे पैसे सुटले पाहिजेत, हे मात्र मान्य करावे.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालताना तांबे, पितळ, कासे आणि जर्मन (अ‍ॅल्युमिनियम) ही वेगळी करून वेगळी वजन करावीत. सरमिसळ केली तर भाव सर्वांत स्वस्त धातूचा लागतो. डब्यांची लोखंडी कडी, लाकडी मुठी आधी काढाव्यात.

*सूचना:* ऑनलाइन जाहिरात दिल्यावर न पाहताच पूर्ण किंमत द्यायला तयार होणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा ग्राहक फसवणूक करणारा असतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. ज्येष्ठांनी विक्रीच्या वेळी घरी आणखी एक माणूस असल्याशिवाय कोणाला आत घेऊ नये, आणि ग्राहकाला फक्त विक्रीची वस्तू दाखवावी, बाकीचे घर दाखवू नये.

काही वस्तू विकताच येत नाहीत. जुन्या घरांत सांबरशिंग, हस्तिदंती वस्तू, व्याघ्रचर्म किंवा देवघरात काचेच्या चौकटीत लावलेले ‘इंद्रजाल’ (समुद्रातील जाळीदार प्रवाळ) मिळते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. मालकीचे प्रमाणपत्र नसेल तर जाहिरात न देता, कोणाला भेट न देता थेट वन विभागाशी बोलावे. परवान्याची बंदूक असेल आणि परवानाधारक हयात नसेल तर ती सामानात भरू नये. पोलीस ठाण्यात कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करावी. जुन्या तलवारीबद्दलही तेथेच विचारून घ्यावे.

पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली स्कूटर भंगारवाल्याला तशीच देणे ही फार वारंवार होणारी चूक आहे. नोंदणी आपल्याच नावावर राहते आणि त्या वाहनाचे पुढे जे होईल त्याची विचारणा आपल्याकडे होते. स्कूटर नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रात द्यावी, जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओकडे नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी.

६. देणगी

देणगीचा नियम सोपा आहे: आपण नातेवाइकाला संकोच न वाटता देऊ अशीच वस्तू संस्थेला द्यावी. फाटके, डागाळलेले आणि न धुतलेले कपडे संस्थेच्या दारात टाकले तर ते फेकण्याचा खर्च संस्थेला पडतो. आधी फोन करावा, यादी पाठवावी आणि त्यांनी हो म्हटलेल्याच वस्तू न्याव्यात.

पुस्तकांच्या बाबतीत हे विशेष पाळावे. कोणतेही ग्रंथालय पाचशे पुस्तकांचा ढीग सरसकट घेत नाही, कारण त्यातील निम्मी त्यांच्याकडे आधीच असतात. पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्ती व साल अशी यादी करून द्यावी. शालेय व महाविद्यालयीन पुस्तके अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारावीत. ऐतिहासिक कागदपत्रांसाठी सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ, संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आणि चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, छायाचित्रे यांसाठी लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांना विचारता येते. त्यांनी नाकारले तर वाईट वाटून घेऊ नये. त्यांच्याकडेही जागेचा प्रश्न आहे.

चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, रुग्णाचा पलंग या वस्तू रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणाऱ्या संस्थांना द्याव्यात. त्यांच्याकडे या वस्तूंना कायम मागणी असते आणि एक पलंग वर्षानुवर्षे अनेक घरी उपयोगी पडतो.

घरकामाला येणाऱ्या ताईंना काही द्यायचे असेल तर आधी विचारावे की त्यांना ते हवे आहे का आणि त्यांच्या घरी मावते का. हवे असल्यास रिक्षाचे किंवा टेम्पोचे भाडे आपण द्यावे आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकासाठी वस्तूंची नावे लिहिलेली, सही केलेली चिठ्ठी बरोबर द्यावी. ती चिठ्ठी नसेल तर त्यांना फाटकावर थांबवून चौकशी होते, आणि आपण दिलेल्या भेटीपायी त्यांना अपमान सोसावा लागतो.

देवांच्या तसबिरी पिंपळाखाली किंवा मुठेच्या पुलावर ठेवून येऊ नयेत. मनाला हवे तर गुरुजींना विचारून उत्तरपूजा करावी. नंतर काच, चौकट, पत्रा आणि कागद वेगळे करावेत. काच-चौकट सुक्या कचऱ्यात जाते आणि चित्राचा कागद पाण्यात भिजवून कुंडीतल्या मातीत मिसळता येतो. चकचकीत प्लास्टिकचा थर असलेले चित्र मात्र मातीत घालू नये.

७. ई-कचरा आणि घातक वस्तू

दूरदर्शन संच, संगणक, मिक्सर, वायरी, चार्जर, मोबाइल हे भंगाराच्या पोत्यात घालू नयेत. जुन्या फुगीर पडद्याच्या संचाच्या काचेत शिसे असते. रस्त्यावर तो फोडून तांबे काढले जाते आणि शिसे तेथेच राहते. स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची व्ही-कलेक्ट मोहीम जुने सामान व ई-कचरा गोळा करते. आपल्या भागातील दिवस आधी विचारून घ्यावा. संगणकाची हार्ड डिस्क काढून घ्यावी, मोबाइलमधून सिम व मेमरी कार्ड काढून तो मूळ स्थितीत आणावा.

ट्यूबलाइट, सीएफएल आणि जुने तापमापक यांत पारा असतो, म्हणून ते न फोडता खोक्यात वेगळे ठेवावेत. फुगलेली मोबाइल बॅटरी कोणत्याही पोत्यात दाबून भरू नये, ती पेट घेऊ शकते. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेत्याला परत दिली तर पैसे मिळतात. मुदत संपलेली औषधे, कीटकनाशके आणि रंगाचे डबे मोरीत ओतू नयेत. गॅस सिलिंडर भंगारात देणे बेकायदा आणि धोक्याचे आहे. अनामतीचा कागद शोधून वितरकाकडे जमा करावा.

८. रद्दी, भंगार आणि शेवटचा आठवडा

आता रद्दीवाल्याला बोलवावे. वर्तमानपत्रे, मासिके, वह्या-पुस्तके व पुठ्ठा यांचे भाव वेगळे असतात, म्हणून गठ्ठे वेगळे बांधावेत. वजन करण्यापूर्वी काट्यावर शून्य आहे का ते पाहावे आणि शंका असल्यास घरातील वजन माहीत असलेली वस्तू ठेवून पाहावी. बँकेची विवरणपत्रे, आधार-पॅनच्या प्रती आणि सह्या असलेले कागद गठ्ठ्यात न घालता फाडून भिजवावेत.

मोडके पलंग, स्पंजच्या गाद्या, सोफे रोजच्या घंटागाडीत जात नाहीत. ते क्षेत्रीय कार्यालयात विचारून किंवा भंगारवाल्याला उचलण्याचे पैसे देऊन हलवावेत. रात्री कोपऱ्यावर नेऊन ठेवू नयेत; त्यासाठी दंड होतो आणि शेजाऱ्यांना त्रास होतो.

टेम्पो ठरवताना सोसायटीकडून लिफ्ट वापरण्याची लेखी परवानगी व वेळ घ्यावी. पेठांत बोळाच्या तोंडापर्यंत कोणते वाहन येते आणि दिवसा कोणत्या वेळी येऊ शकते, हे चालकाला जागा दाखवून विचारावे. खोक्यांवर ‘इतर’ असे लिहू नये. खोली, आतील वस्तू आणि क्रमांक लिहावा. पहिल्या रात्री लागणारी अंथरुणे, औषधे, चहाचे साहित्य, किल्ल्या आणि चार्जर यांची पिशवी वेगळी ठेवावी.

घर पूर्ण रिकामे झाल्यावर विजेरी घेऊन दोघांनी मिळून फिरावे: माळ्याचे मागचे कोपरे, दारामागचे खुंटे, मोरीवरची फळी, गच्चीची खोली, टपालपेटी, पार्किंगमधील कपाट. वीजमापक, पाणीमापक व गॅसमापक यांच्या आकड्यांचे तारखेसह फोटो घ्यावेत. चाव्या देताना किती चाव्या, कोणाला, कोणत्या दिवशी दिल्या हे ताबापावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ती पावती दुसऱ्या टप्प्यातील फाइलमध्ये लावावी.